चालू दिवशी वर्कशॉप दाखवा

माझी लेक बडोद्यातल्या एका सरकारी आयटीआयमध्ये ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा ट्रेड शिकते आहे. आता दुसऱ्या वर्षाला आहे. दांडिया बाजारात कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की एखादी तरी बाजूला घेऊन विचारते, “अगं, दहावीला बरे मार्क होते ना तिला? मग आयटीआय कशाला?” आणि लगेच पुढे, “आमच्या धाकट्याला कुठे घालावं, सांग ना.” प्रत्येकीला तेवढ्या गडबडीत सगळं सांगून होत नाही. म्हणून आम्ही काय काय बघितलं, कुणाला काय विचारलं आणि कशावरून ठरवलं, ते इथे लिहिते आहे.

लेकीला सत्तरच्या घरात टक्के होते. अकरावी-बारावी सायन्स, मग प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं इंजिनिअरिंग, हा रस्ता तिला नको होता. “आई, मला वीस वर्षांची होईपर्यंत कमवायला लागायचंय आणि हाताने काम करायचंय,” असं तिनेच सांगितलं. तिचे बाबा औषध कंपनीत पॅकिंग खात्यात आहेत, मी एका क्रेडिट सोसायटीत हिशेब बघते. खासगी कॉलेजच्या फीसाठी कर्ज काढावं लागलं असतं. पण पैसे हे एकच कारण नव्हतं. तिच्या बोलण्यात खरंच ओढ होती.

कॉलेजांची नावं काढायच्या आधी आम्ही एक काम केलं. बडोद्याच्या आजूबाजूला कारखाने कुठले आहेत आणि तिथे कुठल्या हाताला काम मिळतं, हे आधी समजून घेतलं. शिक्षण इथे घ्यायचं आणि नोकरीला दुसरीकडे जायचं, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मला पटत नव्हतं. आणि या गावात त्याची गरजही नाही. आपल्या सयाजीरावमहाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं तेच मुळी हातात हुन्नर यावा म्हणून. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर स्वतः रसायनशास्त्राचे. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे विषय तिथे लोकांना समजेल अशा भाषेत शिकवावेत, असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी ॲलेम्बिक ही रसायनं-औषधांची कंपनी उभी केली. आधी शिकवणारे हात आले, मग त्यांच्या आधाराने कारखाना आला. आमच्या घरी ही गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकलेली होती. लेकीला आयटीआयला घालायचं म्हटल्यावर ज्यांनी नाक मुरडलं, त्यांना मी हीच सांगितली.

स्वातंत्र्यानंतर तर उत्तरेकडचा सगळा पट्टाच रसायनांचा झाला. बाजव्याजवळ १९६२ मध्ये स्थापन झालेली जीएसएफसी ही खतांची कंपनी, कोयलीला १९६५ पासून रिफायनरी, १९६९ मध्ये आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी, शिवाय नंदेसरीची जीआयडीसी, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत. दक्षिणेला मकरपुऱ्याची जीआयडीसी आहे, तिथे मशिनचे सुटे भाग, फॅब्रिकेशन, इलेक्ट्रिकल पॅनेल अशी कामं जास्त. म्हणजे मकरपुऱ्याकडे जायचं तर फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर. नंदेसरी-कोयलीकडे जायचं तर केमिकल प्लांटचे ट्रेड. त्यात प्लांट चालवणारे अटेंडंट ऑपरेटर, दुरुस्तीवाले मेंटेनन्स मेकॅनिक, तपासणीवाले लॅबोरेटरी असिस्टंट आणि प्लांटमधलं तापमान, दाब, पातळी, प्रवाह मोजणारी उपकरणं सांभाळणारे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. लेकीने चारही ट्रेडचे अभ्यासक्रम उघडून वाचले आणि शेवटच्यावर बोट ठेवलं. घरातला मल्टिमीटर तिनेच वापरून वापरून खिळखिळा केला होता, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

आता कुठे शिकायचं? आमच्यापुढे तीन प्रकार होते. डिप्लोमा, आयटीआय, आणि सहा महिन्यांत नोकरी देऊ म्हणणाऱ्या खासगी ट्रेनिंग संस्था.

तिसऱ्या प्रकारातल्या एका संस्थेत आम्ही गेलो. चकचकीत रिसेप्शन, भिंतभर हसऱ्या मुलांचे फोटो, खाली कंपन्यांची नावं. समोर बसलेल्या मुलीने पहिल्या पाच मिनिटांत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे शब्द इतक्यांदा म्हटले की मी फॉर्म मागून घेतला. फॉर्मवर लिहिलं होतं ‘प्लेसमेंट असिस्टन्स’. नोकरी देणं वेगळं आणि नोकरी शोधायला मदत करणं वेगळं. मी म्हटलं, गेल्या बॅचमधल्या कुणाशी फोनवर बोलता येईल का? ती म्हणाली, ती माहिती गोपनीय असते. लॅब बघायला मागितली तर काचेतून दाखवली. पीएलसीच्या (यंत्रं आपोआप चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) किट टेबलावर होत्या, पण त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. सर्टिफिकेट त्यांच्या स्वतःच्या नावाचं. फी हप्त्याने भरता येईल, पण टोकन आजच द्या, उद्या सवलत नाही, असं चाललं होतं. आम्ही उठलो. सगळ्याच खासगी संस्था अशा असतात असं मी म्हणत नाही. नोकरीला असलेल्या माणसाला एखादी गोष्ट वाढवून शिकायची असेल तर छोटे कोर्स उपयोगाचे असतीलही. दहावी झालेल्या मुलीचा पाया मात्र त्यावर घालायला माझं मन तयार झालं नाही.

खरी दिशा मिळाली ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडून. आयुष्यभर त्यांनी प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात काम केलं, नवीन मुलं हाताखाली घेतली. मी त्यांना विचारलं, “काका, तुमच्याकडे मुलगा यायचा तेव्हा तो कुठल्या कॉलेजचा ते बघायचात का?”

“नाही गं. त्याच्या हातात एक प्रेशर गेज द्यायचो आणि म्हणायचो, हे बरोबर दाखवतंय का सांग. जो विचारायचा की ‘सर, कशाशी ताडून बघू?’ तो घ्यायचो.”

मग त्यांनी लेकीला समोर बसवलं. “बेटा, बिल्डिंग बघू नकोस, वर्कशॉप बघ. आणि कॉलेजने बोलावलेल्या दिवशी नाही, चालू दिवशी जा. उघडलेला ट्रान्समीटर टेबलावर दिसला पाहिजे. कंट्रोल व्हॉल्व्ह मुलांनी खोललेला असला पाहिजे. एका सेटभोवती किती मुलं उभी आहेत ते मोज. आणि शिकवणाऱ्याला विचार, सर, तुम्ही प्लांटमध्ये काम केलंय का?”

मला त्यांनी वेगळं सांगितलं. संस्थेला मान्यता आहे एवढ्यावर थांबायचं नाही, त्या ट्रेडला मान्यता आहे का ते बघायचं. काही आयटीआयमध्ये दोन ट्रेड एनसीव्हीटीचे, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची मान्यता असलेले असतात आणि तिसरा नसतो. पुढे जाहिरातीत नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मागितलं की त्या तिसऱ्या ट्रेडची मुलं बाहेर राहतात. एनसीव्हीटीच्या पोर्टलवर संस्थेचं नाव टाकलं की कुठल्या ट्रेडची किती युनिट, म्हणजे तुकड्या, मंजूर आहेत ते दिसतं. मी सोसायटीतून आल्यावर रात्री बसून हे सगळं उतरवून काढलं. एका युनिटमध्ये साधारण वीस ते चोवीस मुलं असतात. ज्या एका खासगी संस्थेचा आम्ही विचार करत होतो, तिथे आमचा ट्रेड पोर्टलवर नव्हताच, माहितीपत्रकात मात्र ठळक छापलेला होता. ती तिथेच गळली.

डिप्लोम्याचा विचार आम्ही मनापासून केला. तीन वर्षं, दहावीच्या मार्कांवर मेरिट, एसीपीडीसी या राज्याच्या समितीमार्फत प्रवेश. आपल्या एमएस युनिव्हर्सिटीचं पॉलिटेक्निक गावातच आहे. माझे दीर म्हणाले, “वहिनी, डिप्लोमा केला तर सुपरवायझर होईल, आयटीआय केला तर पाना फिरवेल.” त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मी मोठ्या सरकारी कंपन्यांच्या जुन्या जाहिराती काढून वाचल्या, तेव्हा रिफायनरीच्या जाहिरातीत इन्स्ट्रुमेंटेशनच्या टेक्निशियन अप्रेंटिससाठी (कंपनीत काम करत शिकणाऱ्या उमेदवारासाठी) डिप्लोमाच मागितलेला दिसला. हे लेकीपुढे ठेवलं. तिचं उत्तर होतं, “मग आयटीआयनंतर करेन ना.” आणि तशी सोय गुजरातमध्ये खरंच आहे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोम्याच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, मुलं त्याला ‘सी टू डी’ (सर्टिफिकेट टू डिप्लोमा) म्हणतात. त्यानंतर डिग्रीला जायचं तर ‘डी टू डी’ (डिप्लोमा टू डिग्री). म्हणजे आयटीआयने दार बंद होत नाही, वर्ष मात्र एखादं जास्त जातं. ते एक वर्ष हाताने काम करण्यात गेलं तर ते वाया गेलं असं मी मानत नाही.

तासांचा हिशेब बघितला तेव्हा तर माझा कौल पक्का झाला. आयटीआयच्या अभ्यासक्रमात वर्षाचे १२०० तास धरलेले आहेत आणि त्यातले ८४० प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे ७० टक्के. शिवाय १५० तास कारखान्यात जाऊन काम करायचे. कागदावरचे तास वर्कशॉपमध्ये खरोखर भरतात का, एवढंच आता डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं.

बडोद्यात गोरव्याला आणि तरसालीला आयटीआय आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण जिल्ह्यात आणखीही आहेत, सरकारी आणि खासगी दोन्ही. आम्ही सोमवार ते शुक्रवारच पकडून जायचो, मी अर्धी रजा टाकायचे. एका ठिकाणी सकाळी अकरा वाजता वर्कशॉपला कुलूप होतं. शिपाईभाई म्हणाले, सर मीटिंगला गेलेत, मुलं वर्गात आहेत. वर्गात मुलं फळ्यावरची आकृती वहीत उतरवत होती. मला त्या मुलांचं वाईट वाटलं. त्यांच्या आईवडिलांनी घरून डबा देऊन पाठवलं होतं ते काम शिकायला.

दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही परवानगी मागितली तर प्रिन्सिपॉलसाहेबांनी “जा, बघा की” म्हणून चिठ्ठीच दिली. आत मुलं लांब टेबलापाशी उभी होती. कुणी गेज उघडून आतली वळलेली नळी बघत होतं. दोघं डेड वेट टेस्टरवर, म्हणजे गेज तपासायच्या उपकरणावर, वजनं चढवत होते आणि तिसरा आकडे लिहून घेत होता. भिंतीवर पाइपिंगची मोठी ड्रॉइंग. उपकरणं सगळी नवी नव्हती. काही बरीच जुनी होती, पण चालू होती आणि हाताळून हाताळून त्यांचा रंग उडाला होता. लेक तिथे गेली आणि विसरलीच की आपण फक्त चौकशीला आलो आहोत.

सर गुजरातीत बोलत होते. त्यांनी तिला एका ट्रान्समीटरपाशी नेलं. म्हणाले, “हा टाकीतली पातळी मोजतो आणि तारेतून करंट पाठवतो. टाकी रिकामी असेल तर ४ मिलिअँपिअर, पूर्ण भरली तर २०. अर्धी भरली तर किती?”

तिने थोडा विचार केला. “बारा.”

“बरोबर. मग शून्यापासून का सुरू करत नाहीत? ४ पासून का?”

तिला येईना. सरांनी सांगितलं नाही. त्यांनी शेजारच्या मुलाला खूण केली, त्याने एक तार काढली. मीटरचा आकडा शून्यावर गेला. लेक त्या शून्याकडे बघत राहिली आणि मग एकदम म्हणाली, “रिकामी टाकी पण शून्य आणि तुटलेली तार पण शून्य असती, तर दोन्हीतला फरक कळलाच नसता!”

सर हसले. “प्लांटमध्ये हा फरक कळला नाही तर टाकी भरून वाहते, बेटा. आणि त्या टाकीत पाणी नसतं.”

मी हिशेबाच्या कामात केस पांढरे केलेली बाई, मला करंट-बिरंट फारसं कळत नाही. पण शिकवणं कशाला म्हणतात ते मला त्या क्षणी दिसलं. उत्तर न देता तार काढून दाखवायची. मी सरांना विचारलं की तुम्ही कारखान्यात होतात का. ते होते, बरीच वर्षं. मग इन्स्ट्रक्टरसाठीचं सीआयटीएस ट्रेनिंग करून इकडे आले. कॉलेज निवडताना शिक्षकाबद्दल कुणी विचारतच नाही, म्हणाले, सगळे कॅन्टीन आणि बस विचारतात.

मी बसचंही विचारलं. मुलीची आई आहे, विचारणारच. वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, पाणी असतं का, संध्याकाळी सुटायची वेळ काय, ट्रेडमध्ये आणखी मुली किती. मुली थोड्या होत्या, पण होत्या. त्यातल्या एकीला मी थेट विचारलं, इथे त्रास होतो का? ती म्हणाली, “काकी, सुरुवातीला मुलं पाना हातातून काढून घ्यायची, ‘दे, मी करतो’ म्हणून. सरांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, ज्याचा जॉब त्यानेच करायचा. तेव्हापासून नाही घेत कुणी.” हे उत्तर माझ्यासाठी मोठं होतं. चांगुलपणाने का होईना, पण मुलीच्या हातातलं काम काढून घेणं हीच वर्कशॉपमधली खरी अडचण असते. तिथे ती ओळखलेली होती.

मग आधी शिकून गेलेल्या मुलांचे फोन नंबर मागितले. सरांनी त्या मुलांना विचारून मग दिले. ज्यांच्याशी बोलणं झालं, त्यांनी काही लपवलं नाही. नोकऱ्या लागल्या होत्या, पण बऱ्याच जणांची पहिली नोकरी कंपनीच्या रोलवर (स्वतःच्या पटावर) नव्हती, ठेकेदाराकडे होती. त्याच गेटमधून आत जायचं, तेच काम करायचं, पण पगाराची पावती दुसऱ्याच्या नावाची. एक मुलगा म्हणाला, “काकी, ज्यांनी अप्रेंटिसशिप नीट कंपनीत केली, त्यांना ओळखीने तरी पुढे जागा मिळाली. जे थेट ठेकेदाराकडे गेले ते तिथेच राहिले.” हे ज्यांची मुलं आत्ता दहावीला आहेत त्यांनी नक्की लक्षात घ्यावं. ‘प्लेसमेंट झाली’ या दोन शब्दांच्या पोटात बरंच काही दडलेलं असतं. रोलवर की ठेक्यावर, पीएफ कापतात का, कामाचे तास किती, हे विचारल्याशिवाय त्या शब्दांना अर्थ नाही.

अप्रेंटिसशिपचं मी नंतर आणखी वाचलं. कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतके अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि त्यांना दरमहा स्टायपेंड द्यावा लागतो. म्हणजे नंदेसरीच्या मध्यम कंपन्यांमध्येही जागा असायलाच हव्यात. आपण मात्र फक्त मोठ्या नावांच्या मागे धावतो.

फॉर्म भरायचं काम त्या मानाने सोपं गेलं. सगळं ऑनलाइन. दहावीची मार्कशीट, एलसी, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला, आवकाचा (उत्पन्नाचा) दाखला, फोटो. आवकाच्या दाखल्याला वेळ लागतो, तो निकालाच्या आधीच काढून ठेवावा. महत्त्वाची असते ती पसंतीक्रमाची यादी. लोक मैत्रिणीचा मुलगा कुठे आहे ते बघून भरतात. आम्ही त्या वर्कशॉपवाल्या आयटीआयचा आमचा ट्रेड पहिला टाकला, त्याच संस्थेतला इलेक्ट्रिशियन दुसरा, आणि कुलूप लावलेली संस्था घराच्या जवळ असूनही टाकलीच नाही. दीर म्हणाले, “अहो, जवळची निदान शेवटी तरी टाका.” लेकीनेच नाही म्हटलं. पहिल्या फेरीत नाव लागलं नाही, तेव्हा घरात जरा ताण आला. पुढच्या फेरीत लागलं.

सासूबाईंची समजूत काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला, ते खरं. नातीने खाकी कपडे घालून कारखान्यात जावं हे त्यांच्या मनाला पटेना. काकाच एक दिवस खाली आले, त्यांच्याशी तासभर बोलले. कॅलिब्रेशन लॅब म्हणजे काय, तिथे बसून उपकरणं कशी तपासतात, मुलींचे हात त्या बारीक कामाला कसे चांगले असतात वगैरे. मला स्वतःला बारीक कामाचं ते कारण फारसं आवडत नाही, लेकीने प्लांटमध्ये शिडी चढून व्हॉल्व्हही बघावेत असंच मला वाटतं. पण सासूबाई निवळल्या, आणि आता नात घरी आल्यावर “आज काय उघडलंस?” हा प्रश्न त्याच पहिल्यांदा विचारतात.

दुसऱ्या वर्षात काम अवघड आहे. कंट्रोल व्हॉल्व्ह, पोझिशनर, पीएलसी. इंग्रजी शब्दांचा भार बराच पडतो, मॅन्युअल सगळी इंग्रजीत असतात. रोज रात्री अर्धा तास ती आणि तिचे बाबा मिळून एकेक पान वाचतात. सध्या घरात वाद आहे तो पुढच्या पावलाचा. तिला आधी एक वर्ष अप्रेंटिसशिप करायची आहे, दिरांचं मत आहे की थेट सी टू डी करावं, अभ्यासाची सवय तुटू नये. काका म्हणतात, कुठल्या कंपनीत जागा मिळते त्यावर ठरवा. मला काकांचं पटतं. अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवरून नंदेसरी आणि रानोलीकडच्या कंपन्यांची यादी काढून ठेवली आहे. दिवाळीनंतर त्यातल्या काही ठिकाणी गेटवर जाऊन विचारणार आहोत की अप्रेंटिसला स्वतःची कॅलिब्रेशन लॅब बघायला मिळते का, की वर्षभर नुसत्या केबल ओढायला लावतात.